मोटारीवर पडलेला गोळा

मतदानाला थोडेच दिवस उरले होते. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा गावी, जत्रेच्या मैदानावर, क्रेनने एक अवजड गोळा वर उचलला आणि खाली उभ्या केलेल्या जुन्या मोटारीवर सोडून दिला. टप चेपला, गर्दीने आरोळी ठोकली. मोटार म्हणजे वाढलेला वाहनकर, आणि गोळा सोडायला लावणारा अर्नोल्ड श्वार्झनेगर हा गव्हर्नरपदाचा उमेदवार. सिनेमात मला न आवडलेली वस्तू मी उडवून देतो, तसेच इथे करणार, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. २००३ सालच्या त्या निवडणुकीची जगभर करमणूक म्हणून चर्चा झाली. १३५ उमेदवार रिंगणात असले की ती होणारच. मला मात्र गोळ्यापेक्षा त्या मोटारीत अधिक रस आहे. त्या कराचे पुढच्या सात वर्षांत काय झाले हे पाहिले, की खेळात नाव आणि धंद्यात पैसा कमावलेला माणूस राज्याच्या राजकारणात येताना काय घेऊन येतो आणि काय आणू शकत नाही, हे बऱ्यापैकी कळते.

कोणी निवडणुकीला उभे राहिले की आपली वर्तमानपत्रे त्याला ‘राजकीय आखाड्यात’ उतरवतात. श्वार्झनेगरच्या बाबतीत हा शब्द साफ चुकतो, कारण तो पैलवान नव्हता. कुस्तीत समोर दुसरा माणूस असतो. त्याची पकड, त्याचा तोल, ऐनवेळी त्याने टाकलेला डाव, सगळे हिशेबात धरावे लागते. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत तसे काही नसते. ‘महाराष्ट्र श्री’सारखी स्पर्धा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते दृश्य माहीत आहे: तेल चोपडलेली अंगे, दिव्यांचा झोत, परीक्षकांसमोर फुगवलेले दंड, आणि शेजारी उभ्या स्पर्धकावर कोणी डाव टाकत नाही. खरी लढत कित्येक महिने आधी व्यायामशाळेत होऊन गेलेली असते, आणि तिथे एकच शरीर असते जे सांगावे तसे वागते. ऑस्ट्रियातल्या ताल या खेड्यातला हा मुलगा १९६७ मध्ये विसाव्या वर्षी मिस्टर युनिव्हर्स झाला. १९७० ते १९७५ सलग सहा वेळा आणि १९८० मध्ये पुन्हा एकदा मिस्टर ऑलिंपिया झाला. त्या यशाने त्याला एक शिकवण दिली: वजन वाढवत गेले की स्नायू वाढतो, तो वाढला नाही तर दोष आपल्या निश्चयाचा.

दुसरी शिकवण धंद्याची. १९६८ मध्ये अमेरिकेत आल्यावर त्याने फ्रांको कोलंबू या इटालियन मित्राबरोबर गवंडीकामाचा धंदा काढला. दोघे युरोपीय कारागीर म्हणून जाहिरात करत. गिऱ्हाइकाच्या अंगणात उभे राहून परक्या भाषेत मोठमोठ्याने भांडायचे, मग एकाने गिऱ्हाइकाकडे वळून सांगायचे की हा फार पैसे मागत होता, मी कमी करून घेतले. ही नाटकबाजी त्याने स्वतःच पुढे रंगवून सांगितली आहे. १९७१ च्या भूकंपात लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या घरांची धुराडी कोसळली आणि काम वाढले. पैसे साठले ते इमारतींत गेले, आणि सिनेमाने नाव होण्याआधीच आपण घरजमिनीच्या व्यवहारात लक्षाधीश झालो होतो, असे तो सांगत आला आहे. तेव्हा ‘नटाला काय कळते’ हा आक्षेप त्याला नीट लागू पडत नाही. माणूस हिशेबी होता, पुढचे पाहणारा होता. प्रश्न एवढाच की तो हिशेब कोणत्या वहीतला होता. धंद्यात सौदा पटला नाही तर उठून जाता येते, दुसरे गिऱ्हाईक शोधता येते. राज्याला आपली गिऱ्हाइके बदलता येत नाहीत.

इथे एक खुलासा हवा. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो, पण निवडून येतो थेट जनतेतून, आणि विधिमंडळात त्याचे बहुमत असेलच असे नाही. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्या पक्षाचे, अशी नगरपालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. त्यात कॅलिफोर्नियाची आणखी एक तऱ्हा. १९११ पासून तिथे मतदारांना निवडलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावता येते, आणि कायदेही थेट मतपेटीतून करता येतात. तेव्हाचा गव्हर्नर ग्रे डेव्हिस हा मुरलेला राजकारणी; पण विजेचे संकट, संगणक कंपन्यांचा फुगा फुटल्याने आटलेला महसूल आणि सुमारे ३८ अब्ज डॉलरची तूट यांत तो सापडला. ७ ऑक्टोबर २००३ रोजी ५५ टक्के मतदारांनी त्याला घरी पाठवले आणि जवळपास ४९ टक्क्यांनी श्वार्झनेगरला आणले. लोकांनी मत दिले ते इच्छाशक्तीला. राज्याचा कारभार अडला आहे तो पुढाऱ्यांत दम नाही म्हणून, दम असलेला माणूस आणा, असा तो कौल होता. माझे म्हणणे असे की निदानच चुकले होते. अडले होते ते नियमांमुळे.

अंदाजपत्रक मंजूर करायलाही दोन तृतीयांश मते लागत आणि कर वाढवायलाही. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे जास्त आमदार हाताशी असले की अल्पमतातला पक्षही सगळे रोखून धरू शकत असे. मालमत्ता करावर १९७८ पासून घट्ट मर्यादा होती, त्यामुळे राज्य आयकरावर, म्हणजे श्रीमंतांच्या चढत्या-उतरत्या मिळकतीवर अवलंबून राहिले. अशा तिजोरीला नव्या गव्हर्नरने १७ नोव्हेंबर २००३ रोजी, शपथ घेतल्याच्या दिवशीच, वाढीव वाहनकर रद्द करून वर्षाला सुमारे चार अब्ज डॉलरचे भोक पाडले. हा पैसा मुळात शहरांचा आणि परगण्यांचा. त्यांची भरपाई राज्याला करणे भाग होते. म्हणजे मोटारीवर पडलेला गोळा राज्याच्याच पायावर आला. पुढच्या मार्चमध्ये तूट भागवायला १५ अब्जांचे रोखे काढण्यास मतदारांनी त्याच्या सांगण्यावरून मान्यता दिली. कर माफ आणि कर्ज चालू, हे गणित त्याच्या स्वतःच्या गवंडीकामाच्या धंद्यात आठवडाभरही चालले नसते.

विधिमंडळ ऐकत नाही म्हणून तो २००५ मध्ये थेट मतपेटीकडे वळला. शिक्षकांना नोकरीत कायम होण्याची मुदत वाढवणे, संघटनांच्या राजकीय वर्गणीला लगाम, खर्चाला मर्यादा आणि मतदारसंघ आखण्याचा अधिकार निवृत्त न्यायाधीशांना, अशा चार प्रस्तावांसाठी त्याने खास निवडणूक लावली. त्याआधीच परिचारिकांना त्याने भर सभेत तुच्छतेने हिणवले होते, विरोधी आमदारांना बायकी म्हटले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मनावर घाव घालण्याची ही जुनी विद्या. ‘पंपिंग आयर्न’ या १९७७ च्या माहितीपटात तो न्याहारीच्या टेबलावर लू फेरिग्नोचा आत्मविश्वास हसतखेळत काढून घेताना दिसतो. पण फेरिग्नो एकटा होता. परिचारिका हजारो होत्या आणि तो जाईल तिथे फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. चारही प्रस्ताव पडले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. ‘तो श्रीमंत आहे, त्याला कोण विकत घेणार?’ हा युक्तिवाद आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो, म्हणून ती सांगतो. पदावर येताना त्याने शरीरसौष्ठवाच्या मासिकांच्या प्रकाशकाशी सल्लागार म्हणून करार केला होता. त्याची किंमत पाच वर्षांत किमान पाच दशलक्ष डॉलर होती आणि ती मासिकांच्या जाहिरातींच्या उत्पन्नाशी जोडलेली होती. त्या जाहिराती मुख्यतः पौष्टिक भुकट्या-गोळ्यांच्या. आणि शालेय खेळाडूंमध्ये अशा भुकट्यांच्या वापरावर बंधन घालू पाहणारे विधेयक त्याने २००४ मध्ये नाकारले होते. बोभाटा झाल्यावर त्याने करार सोडला. त्याने जाणूनबुजून सौदा केला असे मी म्हणत नाही. ज्याचे खेळ, धंदा आणि पद एकाच पोत्यात भरलेले आहे त्याला लाच द्यावीच लागत नाही, एवढेच म्हणतो.

खरा राजकारणी त्याच्यात जन्मला तो चारही प्रस्तावांच्या पराभवानंतर. त्याने चूक कबूल केली आणि डेव्हिसच्याच कार्यालयात काम केलेल्या सुझन केनेडी या विरोधी पक्षाच्या बाईंना आपल्या कार्यालयाचे प्रमुख नेमले. स्वतःचा पक्ष चिडला. पण २००६ मध्ये किमान वेतन वाढले, रस्ते, शाळा आणि बांधांसाठी मोठ्या कर्जरोख्यांवर एकमत झाले, आणि २७ सप्टेंबरला हवामानाच्या कायद्यावर सही झाली: २०२० पर्यंत राज्यातले उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचे. कायदा लिहिला विरोधी आमदारांनी हे खरे, पण तेव्हाच्या रिपब्लिकन गव्हर्नराची सही ही काही फुकटची गोष्ट नव्हती. लक्ष्य मुदतीआधीच गाठले गेले. नोव्हेंबरमध्ये तो जवळपास ५६ टक्के मतांनी पुन्हा निवडून आला. गवंडीकामातली घासाघीस इथे उपयोगी पडली, दंड नव्हे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की २००८ ची मंदी आली नसती तर त्याची कारकीर्द यशस्वी ठरली असती. इतक्या मोठ्या वादळात कोणीही बुडाला असता. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. घरांच्या किमती कोसळल्या त्या त्याच्यामुळे नव्हे. पण शीड आधीच उसवलेले होते आणि पहिला टाका त्यानेच उसवला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये करवाढीसह अंदाजपत्रक मंजूर व्हायला सिनेटमध्ये एक मत कमी पडत होते. सदस्यांना रात्रभर सभागृहात कोंडून ठेवले गेले. एबल माल्डोनाडो या रिपब्लिकन सदस्याने मत दिले, पण किंमत सांगून: प्राथमिक निवडणुकीत पक्ष न पाहता पहिले दोन उमेदवार पुढे जावेत, हा प्रस्ताव जनतेपुढे ठेवायचा. तो २०१० मध्ये मंजूर झाला. त्या रात्री वाढलेल्या करांत एक होता वाहनकर, ०.६५ टक्क्यांवरून १.१५ टक्के. सही त्याच हाताची, ज्याने गोळा सोडायचा इशारा केला होता. जुलैमध्ये तिजोरी इतकी रिकामी झाली की राज्याने देणेकऱ्यांच्या हाती ३.७५ टक्के व्याजाच्या वचनचिठ्ठ्या ठेवल्या, आणि मोठ्या बँकांनी काही दिवसांतच त्या घेणे थांबवले. जानेवारी २०११ मध्ये तो गेला तेव्हा पुढची तूट सुमारे २५ अब्ज डॉलर होती.

कोणी म्हणेल, मग त्याच्या जागी आलेल्या अनुभवी जेरी ब्राउनने ती तूट कशी मिटवली? म्हणजे व्यक्तीच महत्त्वाची की! ब्राउन मुरब्बी होता यात वाद नाही. पण तो येण्याआधी दोन महिने मतदारांनी नियम बदलला होता: अंदाजपत्रकाला आता साधे बहुमत पुरे. २०१२ मध्ये त्यांनीच करवाढही मान्य केली. डेव्हिस अनुभवी असून पडला आणि ब्राउन अनुभवी असून टिकला, यातला मोठा फरक मला त्या नियमात दिसतो. उलट बाजूने डेव्ह बिंगचे उदाहरण घ्या. बास्केटबॉलचा अव्वल खेळाडू, १९८० पासून पोलादाचा स्वतःचा कारखाना चालवणारा, शिस्तीचा माणूस. २००९ मध्ये डेट्रॉइटचा महापौर झाला आणि २०१३ मध्ये शहराच्या दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला तो राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हातून. त्याचे कर्तृत्व खोटे नव्हते, शहराचा पाया खचलेला होता.

म्हणून श्वार्झनेगरची खरी कमाई शोधायची तर मतदारसंघांच्या नकाशात शोधावी. २००५ मध्ये एकट्याच्या बळावर मांडून हरलेला विषय त्याने २००८ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स, कॉमन कॉज अशा संस्थांना सोबत घेऊन पुन्हा नेला आणि तो निसटत्या बहुमताने जिंकला. मतदारसंघ आमदारांनी आखण्याऐवजी १४ नागरिकांच्या आयोगाने आखायचे: दोन मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि दोन्हींबाहेरचे चार. २०१० मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, जागाही त्यात आल्या. पुढे २०२५ मध्ये टेक्सासने सोयीचे नकाशे काढले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सत्ताधाऱ्यांनी उत्तर म्हणून काँग्रेसपुरते आयोगाचे नकाशे २०३० पर्यंत बाजूला ठेवायचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा श्वार्झनेगर विरोधात प्रचाराला उतरला, आणि ४ नोव्हेंबरला मोठ्या फरकाने हरला. राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ मात्र आजही त्या आयोगाने आखलेलेच आहेत.