शीलभंग कुणाचा?

गेल्या वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक वृद्ध मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, सून विहारात यायचीच थांबली. तिनं पोट पाडलं. बाया बोलल्या, पयलं शील मोडलं, आता पंचशील कोणत्या तोंडानं म्हणायचं?" सुनेला तीन लेकरे, धाकटे अजून अंगावर पिते. दवाखान्यात कायद्याप्रमाणेच सारे झाले होते. मी गप्प राहिले. वर्गात बोलण्याची सवय येथे कामाची नव्हती.

धर्मग्रंथ सोयीनुसार वाचण्याची खोड आपण मागे टाकून आलो आहोत; म्हणून अडचणीचे आधी सांगते. जाणूनबुजून मनुष्यहत्या करणारा भिक्षू संघाबाहेर जातो, हा विनयपिटकातील तिसरा पाराजिक नियम. गर्भ पाडण्यासाठी औषध देणाऱ्या भिक्षूलाही तोच लागू होतो. तेव्हा धम्माला गर्भाचे काहीच वाटत नाही, असे कुणी म्हणू नये. पण हा नियम भिक्षूचा आहे आणि शिक्षा संघाची आहे, राजाची नव्हे. उपासक शील घेताना 'समादियामि' म्हणतो, म्हणजे मी होऊन स्वीकारतो. तेथे हुकूम सोडणारा ईश्वर नाही, दारात उभा शिपाईही नाही.

शिपाई उभा केला की काय होते? बौद्धबहुल थायलंडकडे पाहावे. तेथील दंडसंहितेचे ३०१ वे कलम गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीलाच कैदेत पाठवी. १९८१ मध्ये कायदा सैल करणारे विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झाले. सेनाधिकारी चामलाँग श्रीमुआंग यांनी धम्माच्या नावाने विरोध उभा केला आणि वरच्या सभागृहाने ते फेटाळले. गर्भपात थांबले काय? नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकच्या एका विहाराच्या शवागारात दोन हजारांवर गर्भ सापडले. चोरट्या दवाखान्यांतून आणून दहनासाठी ठेवलेले! बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात गुन्हा न राहण्यास तेथे २०२१ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे १९७१ चा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्यापूर्वी इंग्रजांच्या दंडसंहितेने स्त्रीलाही गुन्हेगार ठरविले होते. बाया सुइणीच्या काडीने मरत होत्या. संततिनियमनाचे साधन फसले, तरी या कायद्याने वाट दिली आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे भगिनींनी नीट लक्षात ठेवावे, कारण सही मागणारे पुष्कळ भेटतात.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो परमपूज्य बाबासाहेबांनी तयार केलेला होता. मूल नको असेल त्या स्त्रीला गर्भधारणा टाळता आली पाहिजे, गर्भ पाडण्याच्या प्रयत्नांत बायका जिवाला मुकतात, असे त्यात मांडले होते. ठराव पडला. तो गर्भपाताच्या बाजूचा होता असे मात्र कुणी सांगू नये. बाबासाहेबांच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा धंदा हल्ली फार वाढला आहे. त्यांनी दिलेली खरी कसोटी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आहे: मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी.

या कसोटीवर मावशींच्या सुनेत मला इच्छा कोठे दिसत नाही. अंगावरचे मूल आणि खंगलेली कूस दिसते. उलट, मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणाऱ्या घरात गरज कोणती? तेथे निव्वळ इच्छा आहे, आणि ती मनूकडून आलेली आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. दीक्षा घेतलेल्या घरांतूनही ही तपासणी चोरून होते. त्या घरांना विहारात कुणी अडविल्याचे मी ऐकले नाही.

मावशींच्या ओसरीवर बसून मी हे सारे सांगितले. सून आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. मी निघताना ती एवढेच बोलली, "पोरांचा बाप वंदनेला रोज पुढं बसतो. डॉक्टरनं त्याला ऑपरेशन सांगितलं होतं, तो नाही म्हणाला. त्याचं शील कुणी पुसलं का, बाई?"

येत्या पौर्णिमेला तो पुढे बसेल, तेव्हा मी विचारणार आहे.