सनाल परत येत नाही

माझी कवितांची वही दोनशे पानी, बाजारातून घेतलेली. गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात, सी-सिक्स्टीत, होतो तेव्हा ती पिट्ठूत असायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या पिशवीखाली. रात्री जंगलात उजेड करता येत नाही. ओळी डोक्यातच धरून ठेवायच्या, पोस्टवर परतल्यावर उतरवायच्या.

१ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यात नक्षल्यांचा सुरुंग फुटला. १५ पोलीस गेले, गाडीचा चालकही गेला. त्या रात्री मी लिहिलं, ही पोरं पुन्हा जन्मतील आणि याच जंगलात पुन्हा बंदूक उचलतील. ती कविता एका कार्यक्रमात वाचली, टाळ्या पडल्या.

घरी आजीला अर्थ सांगितला. ती तेंदूपानांचे पुडे बांधत होती, ७० पानांचा एक. मोजणी थांबवून म्हणाली, "येतीन तं येतीन. पन कोनाच्या घरी येतीन, हे तुले कोन सांगतला रे?"

आम्हा गोंडांत माणसात दोन गोष्टी मानतात. जीव आणि सनाल. जीव फिरून येतो, बहुतेकदा नातवंडाच्या रूपानं. म्हणून म्हाताऱ्या बाया तान्ह्या पोराच्या अंगावरची खूण बघतात. सनाल म्हणजे तो गेलेला माणूस, त्याच्या नावासकट. तो पूर्वजांत जाऊन बसतो. त्याला नैवेद्य दाखवायचा, पण तो परत येत नाही. नदीपल्याडच्या आदिलाबादेत राहून फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांची हीच समजूत लिहून ठेवली आहे.

अशी कविता लिहिणारा मी पहिला नाही. अमेरिकेचा जनरल पॅटनही पुनर्जन्म मानायचा. त्याच्या एका कवितेत तो युगायुगांत लढत आलेला आहे आणि पुढेही लढायलाच येणार आहे. माझ्या कवितेतही तीच खोट होती. सैनिकाला पुढचा जन्मही सैनिकाचाच हवा असतो, आणि तोही आपल्याच बाजूचा. इथे तर चकमकीत पलीकडून आलेली शिवी मला माझ्याच भाषेत कळायची. जीव परत येताना गणवेश बघतो का? आमचा पोरगा त्यांच्या घरात जन्मला, त्यांचा आमच्या घरात, तर मी बंदूक कोणावर रोखणार?

गीतेचा दुसरा अध्याय मी अनेकदा ऐकलाय. आत्मा मरत नाही, जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, हा दाखला मरणाची भीती खरंच कमी करतो. रात्रीच्या चालीत मी त्याचा आधार घेतलाय. पण तोच दाखला मारणाऱ्याच्या तोंडी आला की मारणं स्वस्त होतं. फाटलं ते वस्त्रच ना, असं म्हणता येतं. आजीचा सनाल तसं म्हणू देत नाही. जीव येईल, पण सुपारी कातरत जोक सांगणारा तो माणूस संपला तो संपलाच. मग तो कुठल्याही बाजूचा असो.

त्या कवितेचं शेवटचं कडवं मी खोडलं. तिथे आता १५ नावं आहेत आणि सोळावं चालकाचं.