आकडे खरे, रंग कुणाचा?

आमच्या क्षेत्रात रिपोर्टचं फॉरमॅटिंग म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाचं काम. डेटा आणणं, साफ करणं, बेरजा जुळवणं हे खरं काम. रंग, फॉन्ट, दशांशस्थळं ही दारातली रांगोळी. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही.

युधिष्ठिर आठवा. अश्वत्थामा मेला हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, आणि माणूस की हत्ती हे पुटपुटला. त्या नावाचा हत्ती खरंच मारला गेला होता. फसवणूक होती ती आवाजाच्या चढउतारात. आजच्या भाषेत, पहिलं वाक्य बोल्डमध्ये आणि दुसरं राखाडी रंगात, आठ पॉइंटच्या तळटीपेत. तरीही महाभारतानं त्याला सोडलं नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

आता एक साधा तक्ता घ्या. समजा, एका कुरिअर कंपनीच्या बारा शाखा आहेत आणि वेळेवर पोचलेल्या पार्सलांची टक्केवारी दाखवायची आहे. सगळ्यात वरची शाखा 98.6, सगळ्यात खालची 97.1. पायथनच्या पांडाजमध्ये स्टायलरचं बॅकग्राउंड ग्रेडियंट वापरलं, लाल-हिरवी रंगपट्टी दिली आणि बाकी काहीच सांगितलं नाही, तर ते स्तंभातल्या सर्वांत लहान आकड्याला पट्टीचं एक टोक देतं, सर्वांत मोठ्याला दुसरं. एक्सेलची तयार कलर स्केलही अशीच चालते. म्हणजे 97.1 गडद लाल. पुढच्या महिन्यात बाराही शाखा 99 च्या वर गेल्या, तरी कुणीतरी लाल असणारच. रंग इथे काम कसं झालं ते सांगतच नाही, फक्त रांगेतली जागा सांगतो. पण प्रगतिपुस्तकातली लाल शाई पाहत वाढलेले आपण, लाल म्हणजे नापास असंच वाचतो. त्यातून रिपोर्ट मोबाइलवर उघडलेला. तिथे आकडा दिसायच्या आधी रंग दिसतो.

‘आकडे समोर आहेत की, ज्याला वाचायचे तो वाचेल,’ असं म्हणता येतं. युधिष्ठिरालाही म्हणता आलं असतं.

यात स्क्रिप्टची एक गोष्ट वेगळी आहे. हा तक्ता कुणी हातानं रंगवत असता, तर 97.1 वर पोचल्यावर त्याचा हात जरा थांबला असता. हे खरंच लाल करायचं? त्या शाखेचा माणूस ओळखीचा असता, तर एक फोनही झाला असता. स्क्रिप्टमध्ये तो थांबण्याचा क्षणच उरत नाही. कुणीतरी एका दुपारी एक ओळ लिहितो, आणि मग दर सोमवारी सकाळी मेल आपोआप जातो. त्या ओळीमुळे मीटिंगमध्ये कुणाला उभं केलं जातं, हे ओळ लिहिणाऱ्याच्या कानावरही येत नाही. डीफॉल्ट तसंच ठेवणं म्हणजे निर्णय न घेणं, असं आपल्याला वाटतं. पण शाखाप्रमुखाच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय झालेलाच असतो. फक्त जाब विचारायला माणूस सापडत नाही.

तांत्रिक उपाय सोपा आहे. व्हीमिन 90, व्हीमॅक्स 100 असं सांगितलं की तोच 97.1 हिरवट दिसू लागतो. मग प्रश्न येतो, 90 च का? 96 घेतलं तर तोच आकडा पुन्हा लालसर. ही सीमा इंजिनियरनं एकट्यानं ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. पार्सल पावसात कुठे अडकतात, हे मला कोड वाचून कळत नाही. ते शाखेतल्या माणसाला विचारावं लागतं, आणि एवढ्याशा रंगासाठी कुणी फोन करत नाही.

एकदा असा सगळा हिरवा रिपोर्ट पाहून मला विचारलं गेलं, ‘लाल काहीच नाही? मग मीटिंगमध्ये बोलायचं कशावर?’

तेव्हापासून मी तक्त्याच्या वर एक ओळ घालतो: लाल म्हणजे किती, हे कुणी ठरवलं आणि कधी. फॉन्ट बाकीच्या तक्त्याएवढाच.