दहावी नको, पाचवी ओवी वाच

बस. चहा नंतर. आधी पुस्तक उघड. मलाखी, अध्याय तिसरा. दहावी ओवी नको, ती तुला पाठ आहे, गेल्या रविवारी तू ती न बघता म्हणालास. पाचवी वाच. मोठ्यानं वाच, मला हल्ली कमी ऐकू येतं.

वाचलीस? देव कोणाकोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणार आहे? मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध. विधवेला आणि पोरक्याला गांजणाऱ्याविरुद्ध. परक्याचा हक्क मारणाऱ्याविरुद्ध. तिथून पाच ओव्या खाली उतरलं की दशमांशाची ती ओवी लागते. भर उपासनेत एका विधवेकडे बघून तू म्हटलीस, तीच.

मी शेवटच्या बाकावर होते. तिचा नवरा जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. चार घरची धुणीभांडी करून ती दोन मुलांना शाळेत घालते. तू दशमांशाची वही काढलीस, ज्यांची पाकिटं आली नाहीत त्यांची नावं वाचलीस, तिच्या नावापाशी थांबलास आणि म्हणालास की देवाला लुटणाऱ्याच्या घरात शांती नांदत नाही. तिच्या धाकट्यानं मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. तुला ते दिसलं नाही, तू पुढचं नाव वाचत होतास.

फोनवर तू मला म्हणालास, “बाई, मी वचनातला एक शब्दही बदललेला नाही.” बदलला नाहीस, कबूल. शेजारच्या ओव्यांपासून तोडलास फक्त. विहिरीचा दोर कोणी मधूनच कापला आणि वर सांगितलं की दोराचा पीळ मी सोडलेला नाही, तर तू त्याला काय म्हणशील?

मलाखीच्या पुस्तकात दोष आधी कोणाच्या पदरात पडतो ते बघ. पहिल्या अध्यायात याजकांच्या. ते वेदीवर आंधळी, लंगडी, आजारी जनावरं चढवत होते. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत पुन्हा याजकांना हाक मारून आज्ञा दिली आहे. तिसऱ्यात संदेष्टा सगळ्या राष्ट्राशी बोलतो, हे खरं. पण तोवर याजकांची चांगली झडती होऊन गेलेली असते. तू ती पानं उलटलीस आणि थेट गिऱ्हाइकाच्या खिशापाशी आलास. हो, गिऱ्हाईकच म्हणते मी. वहीत नाव, नावापुढे रक्कम, रक्कम नसेल तर चारचौघांत उद्धार. याला मंडळी म्हणत नाहीत.

आणि दशमांश म्हणजे तरी काय होता? त्या ओवीत मंदिरात अन्न असावं असं म्हटलंय. अन्न. धान्य, द्राक्षारस, तेल. आता अनुवाद 14 काढ, शेवटच्या दोन ओव्या. दर तिसऱ्या वर्षी तो दशमांश गावातच साठवायचा आणि लेवी, परके, पोरके आणि विधवा यांनी पोटभर जेवायचं. म्हणजे नियमशास्त्रानं तिला घेणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं आहे. तू तिला उठवून देणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंस आणि वर चोर ठरवलंस.

मी स्वतः आयुष्यभर दशमांश दिला. पेन्शनमधूनही देते. देऊ नये असं मी कधी शिकवलं नाही, आजही शिकवत नाही. पाळकाच्या घरी चूल पेटली पाहिजे आणि ती मंडळीनंच पेटवली पाहिजे. पण ज्या काळात मलाखी बोलला त्याच काळाच्या आसपासचं नहेम्याचं पुस्तक आहे, त्याचा तेरावा अध्याय तू एकदा तरी उपासनेत वाचलास का? कोठार रिकामं का पडलं होतं तिथं? एल्याशीब याजकानं दशमांशाची मोठी खोली आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, राहायला दिली होती. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते पोट भरायला शेतांवर निघून गेले. नहेम्या परत आला तेव्हा त्यानं कोणा गरिबाचं नाव वाचून दाखवलं नाही. त्यानं तोबीयाचं सामान बाहेर फेकलं आणि अधिकाऱ्यांना जाब विचारला. त्यानंतर लोकांनी धान्य आणलं, आणि कोठारावर त्यानं विश्वासू माणसं नेमली.

विश्वासू माणसं. इथूनच आपल्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ.

त्या बाईनं मागच्या महिन्यात पंचांना विचारलं होतं की सभागृहाच्या बांधकामाचा हिशेब कधी मिळेल. तिच्या नवऱ्यानं हयातीत त्या बांधकामाला पैसे दिले होते, तिला विचारायचा हक्क होता. त्यावर तू काय वाचलंस? देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, ते. आणि अभिषिक्त कोण, तर तू.

काढ स्तोत्र 105. पंधराव्या ओवीच्या आधीच्या तीन ओव्या वाच. कोणाची गोष्ट चालली आहे? अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर माणसं, परमुलखात, स्वतःची जमीन नाही, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. त्यांना हात लावू नका असं देव कोणाला बजावतो? राजांना. मिसराचा फारो, गराराचा अबीमलेख, यांना. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी निराधार वाटसरूंच्या वाटेला जाऊ नये, म्हणून ती ओवी आहे. तुझ्या मंडळीत राजा कोण आणि वाटसरू कोण? किल्ल्या कोणाकडे आहेत? माईक कोणाच्या हातात आहे? या ओवीचा आडोसा तिला मिळायला हवा होता, तू तो स्वतःपुढे धरलास.

दावीद तर तेल ओतून अभिषेक केलेला राजा होता. नाथान त्याच्या तोंडावर त्याला म्हणाला की तो माणूस तूच. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून म्हणाला. दावीदानं त्याला मंडळीबाहेर काढलं नाही. अंत्युखियात पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर अडवलं, गलतीकरांच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलंय. पेत्राला चारचौघांत विचारता येतं आणि तुला विधवेनं हिशेब विचारला तर देवाचा अपमान होतो? आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय बघ, तिथं अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळाला आहे. म्हणजे तिलाही. तुझ्याच न्यायानं तू अभिषिक्तेला हात लावलास.

मग तू तिला प्रभुभोजनापासून थांबवलंस. अयोग्य रीतीनं खाणारा दोषी ठरतो, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. बोटानं ओवी दाखवलीस म्हणे. बोट जरा वर सरकव. एकविसावी, बाविसावी. करिंथात काय बिघडलं होतं? खात्यापित्या घरचे लोक आधीच जेवून घेत होते, एक जण मद्यानं तर्र आणि शेजारी दुसरा उपाशी. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता का, असं पौल रागानं विचारतो. अयोग्य रीत ती. गरिबाला मेजापाशी खाली बघायला लावणं. त्या पत्रात ज्या पापाला अयोग्य म्हटलंय ते त्या सकाळी सभागृहात घडलं, पण करणारी ती नव्हती.

गप्प का झालास? अजून आहे.

तीन ओव्या तू वापरल्यास. तिन्ही मुळात दुबळ्याच्या बाजूनं उभ्या आहेत आणि तिन्ही तू एकाच दुबळ्या बाईवर चालवल्यास. एक चुकली असती तर मी म्हटलं असतं, अभ्यास कमी पडला. तीनही एकाच दिशेला चुकतात तेव्हा अभ्यासाचं नाव घेऊ नये.

विधवेच्या दोन टोल्यांवर तू दर वर्षी संदेश देतोस. दानपेटी फिरवायच्या आधी देतोस. तो प्रसंग लूकच्या एकविसाव्या अध्यायात सुरू होतो. विसाव्याच्या शेवटच्या दोन ओव्या कुठल्या? शास्त्र्यांपासून सावध राहा, ते लांब झगे घालतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. त्यानंतर येशू डोळे वर करतो आणि एक विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकताना त्याला दिसते. पुढे मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं तो सांगतो. त्यानं तिचं कौतुक केलं की तो हळहळला, यावर जाणकारांची दोन मतं आहेत. मला दोन्ही मान्य आहेत. पण घरं गिळणारे आणि घर गिळलं गेलेली, यांच्या मधे लूकनं भिंत घातलेली नाही. ती भिंत अध्यायाच्या आकड्याची आहे. हे अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं पाडले. नव्या कराराच्या ओव्यांचे आकडे रोबेर एत्येन या छापखानेवाल्यानं 1551 साली घातले. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय आहेत, इब्री शास्त्रात तीनच. जागा सापडावी म्हणून केलेली सोय ती. शेताच्या बांधावरून चालायचं असतं, बांध म्हणजे शेत नव्हे.

आता मुलींचं. जीन्स घालून आलेल्या मुलीला तू दारातून परत पाठवलंस, अनुवाद 22, ओवी पाचवी. बरं. त्याच अध्यायाची आठवी ओवी सांगते की घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल, कोणी पडून मेलं तर रक्तदोष तुझ्या घरावर येईल. आपल्या सभागृहाच्या गच्चीला कठडा आहे? संक्रांतीला पोरं तिथं पतंग उडवतात. मी पंचांना दोनदा लिहून दिलं. पाचवीसाठी दारात माणूस उभा करतोस आणि आठवीसाठी चार विटा रचवत नाहीत? मोशेचं नियमशास्त्र जशास तसं पाळायचं असेल तर सगळं पाळ. पाळायचं नसेल तर का नाही, ते मंडळीला नीट समजावून सांग. निवडून निवडून पाळायचं आणि निवड नेहमी दुसऱ्याच्या पोरीवर पडायची, असं चालणार नाही.

आणि ती नर्सिंगची मुलगी. सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून रात्रपाळीहून घरी आली. तू म्हणालास, जे वाईट दिसतं तेही टाळावं असं थेस्सलनीकाकरांच्या पत्रात आहे. कुठल्या पुस्तकात? तुझ्या हातातल्या मराठी पुस्तकात वाइटाच्या प्रकारांपासून दूर राहायला सांगितलंय. दिसण्याचा संबंध नाही. दिसणं आलं ते 1611 च्या इंग्रजी भाषांतरातल्या एका शब्दामुळे, आणि त्या शब्दावर अमेरिकेतल्या प्रचारकांनी सिनेमा, केस, बाही असे नियमांचे इमले चढवले. ते तू मोबाइलवर ऐकलेस आणि इथं आणून ओतलेस. समोर मायबोलीत सरळ लिहिलेलं असताना! त्याच्याच आधीची ओवी सगळं पारखून घ्या म्हणते. ती तुझ्या संदेशांनाही लागू आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव तू भाषणात घेतोस, त्यांच्या केडगावच्या आश्रमात जाऊन फोटोही काढतोस. त्या बाईनं काय केलं ते आठव. बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडात ज्या मिशनच्या छायेत त्या राहत होत्या, तिथल्या वडीलधाऱ्यांशी त्या पत्रांतून भांडल्या. एका परंपरेच्या पुरोहितांचं ओझं उतरवून दुसऱ्या परंपरेच्या पुरोहितांचं डोक्यावर घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हातारपणी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला बसल्या. कोणासाठी? केडगावच्या मुलींसाठी, विधवांसाठी, दुष्काळातून आणलेल्या पोरींसाठी. त्यांना स्वतः वाचता यावं, मधे कोणी उभं राहू नये, म्हणून. छपाईचं काम त्या मुलींनीच केलं. 1922 साली रमाबाई गेल्या. शंभर वर्षांनी तू विधवेसमोर पुस्तक धरतोस, तेही बोटानं अर्धं पान झाकून.

माझाही वाटा आहे यात, तो मी टाळणार नाही. शब्बाथ शाळेत सोनेरी वचनाची कार्डं मीच वाटली. एका कार्डावर एक ओवी, पाठ झाली की चॉकलेट. तू वर्षाला बावन्न पाठ करायचास, सगळ्यांच्या पुढे. ती ओवी कोण, कोणाला, कशासाठी म्हणालं, हे मी क्वचितच विचारलं. मोजत राहिले. आता ते निस्तरायला मला फार वर्षं उरलेली नाहीत, म्हणून तुला बोलावून घेतलं.

पेन घे. येत्या रविवारी मलाखी पहिल्या अध्यायापासून वाचायचं. चार अध्याय, पंचावन्न ओव्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. संदेश द्यायचा नाही, फक्त वाचायचं. मग ज्या जागी उभं राहून तिचं नाव घेतलंस त्याच जागी उभं राहून तिची क्षमा मागायची. नंतर खासगीत नाही. बांधकामाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावायचा, पावत्यांसकट. दशमांशाची वही मला आणून दे, ती पुन्हा उपासनेत उघडायची नाही.

आणि आज इथून उठलास की आधी तिच्याकडे जा. पुस्तक नेऊ नकोस, ते तिच्या घरी आहे. दुकानातून तांदूळ, तूरडाळ, तेल घे. सातनंतर ती कामावरून येते. मागच्या जिन्यावर दिवा नाही, बॅटरी घेऊन जा. दार धाकटा उघडेल. आधी त्याच्याशी बोल.