दुःखाची मालकी : खानदेशातील एका विचाराचा प्रवास

दुःखद भावना मागे टाकणे आणि स्वतःच्या आयुष्याची सूत्रे स्वतःकडे घेणे, या दोन गोष्टी आजच्या लोकप्रिय मानसशास्त्रीय लेखनात बहुधा एका ठरावीक क्रमाने सांगितल्या जातात: आधी मन मोकळे करावे आणि मग आयुष्य हाती घ्यावे. हा क्रम सोयीचा असला तरी तो बरोबर आहेच असे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धुळे, अमळनेर आणि जळगाव या शंभरेक किलोमीटरच्या टापूतील गावांमध्ये याच प्रश्नाचा विचार चार अगदी निरनिराळ्या ठिकाणी झाला. ती ठिकाणे म्हणजे हस्तलिखितांचा संग्रह, तत्त्वज्ञानाची संस्था, तुरुंग आणि शेत. या चारही ठिकाणच्या विचारांना एकत्र ठेवून पाहिले, तर क्रम उलटा असल्याचे दिसू लागते. जे दुःख आपले म्हणून मान्य केलेले नाही ते सोडताही येत नाही, आणि म्हणून मालकी आधी येते व सुटका तिच्या मागून येते, असा निष्कर्ष त्यांतून निघतो.

या विचाराचा एक जुना धागा रामदासांच्या वाङ्मयात सापडतो आणि ते वाङ्मय जतन करण्याचे मोठे काम धुळ्यात झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, गावोगावच्या मठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळवली, आणि डोमगावच्या मठातील, रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या प्रतीवरून रामदासांचा दासबोध छापून प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात सामान्य प्रपंची माणसाच्या जन्मापासूनच्या हालअपेष्टांचे वर्णन येते आणि दुःखाचे तीन वर्ग सांगितले जातात. स्वतःच्या देहामनात उपजतो तो आध्यात्मिक ताप, इतर प्राणी व पदार्थ यांच्यामुळे होतो तो आधिभौतिक ताप, आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या दैवी शक्तींकडून कर्मानुसार भोगावा लागतो तो आधिदैविक ताप. या वर्णनाचा रोख वैराग्याकडे, म्हणजे संसारावरील आसक्ती ओसरण्याकडे आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या बाराव्या दशकाच्या आरंभी प्रपंच नेटका करण्याचा उपदेश आहे, आणि प्रयत्नाचा महिमा तर ग्रंथभर ठायी ठायी गायिला आहे. संसार दुःखाचे मूळ आहे आणि तरीही तो टाकायचा नाही, या दोन विधानांमध्ये राहिलेली फट हाच पुढच्या विचारवंतांपुढचा प्रश्न ठरला: माणसाने संसार सोडायचा नसेल, तर नेमके सोडायचे तरी काय?

या प्रश्नाला अद्वैत वेदान्ताच्या बाजूने मिळालेले उत्तर अमळनेरमध्ये अभ्यासले गेले. कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. घनश्यामदास रतनमल मलकानी यांच्यासारखे अभ्यासक तेथे राहून काम करीत, आणि देशभरातील तत्त्वज्ञांचा या आडवळणाच्या गावाशी संबंध जडला. बंगालमधील तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हा इंग्रजी ग्रंथ 1930 मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला. जाणणारा आणि जाणले जाणारे यांच्यातील भेद टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर जाणणारा थोडा अधिक मोकळा होतो, असे त्या ग्रंथाचे स्थूल सूत्र आहे. माणूस प्रथम देहाशी एकरूप असतो, मग मनातील प्रतिमा व विचार यांच्याशी, त्याही पलीकडे भावनेशी आणि अखेर आत्मनिरीक्षणाशी, आणि यांतील प्रत्येक गोष्ट 'माझी' म्हणून ओळखता येते त्या क्षणी ती 'मी' राहत नाही. वेदान्तात ज्याला साक्षी म्हणतात, म्हणजे घडते ते पाहणारी पण त्याने न बदलणारी जाणीव, त्या संकल्पनेची ही आधुनिक मांडणी मानता येईल. दुःखाच्या संदर्भात तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. दुःखाला 'माझे' म्हणणे आणि दुःखापासून वेगळे होणे या दोन परस्परविरोधी क्रिया राहत नाहीत, कारण पहिल्या क्रियेतच दुसरीचा आरंभ झालेला असतो. या उत्तराची उणीव एवढीच, की ते चिंतनाच्या शांत खोलीत दिलेले होते आणि ज्याला उद्या सकाळी कामावर जायचे आहे त्याने काय करावे हे त्यात स्पष्ट नव्हते.

ही उणीव धुळ्याच्या तुरुंगात भरून निघाली. 1932 च्या आरंभी सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू झाल्यावर विनोबा भावे यांना तेथे ठेवण्यात आले, आणि 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक होऊ शकले. श्रोते बहुतांशी सत्याग्रही कैदी होते. सुटका केव्हा होईल, घरी काय चालले असेल, चळवळ टिकेल की विरेल, यांतील काहीच त्यांच्या हाती नव्हते, आणि त्यामुळे फळाची आशा सोडण्याचा गीतेचा उपदेश त्यांच्यासाठी ग्रंथातला विषय न राहता त्या दिवसाचा प्रश्न झालेला होता.

पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाच्या विषादाची जी चिकित्सा केली आहे, ती भावनांच्या अभ्यासकानेही लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. अर्जुन भित्रा नव्हता आणि त्याने तोवर पुष्कळ युद्धे केली होती, परंतु समोर स्वकीय दिसताच त्याला युद्ध हेच पाप वाटू लागले. हे स्पष्ट करण्यासाठी विनोबांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. शेकडो अपराध्यांना फाशी सुनावणाऱ्या या न्यायाधीशापुढे स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि तेव्हा फाशीची शिक्षाच अमानुष आहे असे तत्त्वज्ञान त्याला सुचते. युक्तिवाद कदाचित खराही असेल, पण तो तेथे आसक्तीचे पांघरूण म्हणून आला आहे. या चिकित्सेनुसार अर्जुनाची अडचण दुःख होण्यात नव्हती. आपल्या दुःखाला तो तत्त्वाचे नाव देत होता, ते आपल्या आसक्तीतून आले आहे हे मान्य करीत नव्हता, आणि त्यामुळे ते त्याच्या हातात येत नव्हते. गीतेतील पुढचे सारे विवेचन या मान्यतेपर्यंत त्याला आणण्यासाठी आहे असे म्हणता येते.

चौथ्या व पाचव्या अध्यायांवरील प्रवचनांत विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञा ज्या रीतीने उलगडल्या, तेथे या विचाराने निर्णायक वळण घेतले. परंपरेतील अनेक भाष्यकारांनी विकर्माचा अर्थ निषिद्ध कर्म असा केला होता. विनोबांच्या मते मात्र कर्म म्हणजे स्वधर्माने वाट्याला आलेली बाहेरची क्रिया, विकर्म म्हणजे त्या क्रियेला मनाने दिलेली विशेष जोड, आणि या दोहोंच्या मेळातून अकर्म, म्हणजे कर्माचे ओझे न उरण्याची अवस्था, निर्माण होते. ओझे कमी करण्यासाठी काम कमी करायचे नसून कामात मन अधिक घालायचे आहे, हा त्यातील अनपेक्षित भाग आहे. येथे त्यागाची दिशा पूर्ण बदलली. संसाराचा त्याग मागे पडला, भावनेशी असलेल्या तादात्म्याचा त्याग तुरुंगाच्या दिनक्रमात उतरला, आणि माणसाने सोडायचा तो परिणामावरील दावा, ठेवायचा तो कृतीवरील हक्क, अशी स्पष्ट वाटणी झाली.

ही प्रवचने ज्याच्या लेखणीतून उतरली त्या माणसाची घडण मात्र वेगळी होती, आणि म्हणूनच साने गुरुजींचे जीवन या विचाराची सर्वांत कठीण कसोटी ठरते. ते अमळनेरला प्रथम तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले, 1924 पासून प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. विनोबांचा मार्ग भावनेला कृतीत विरघळवण्याचा होता, तर गुरुजींचा मार्ग तिला सर्वांसमोर बोलती करण्याचा होता. आईच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची रचनाच अशी आहे की श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो, आणि त्या सांगताना स्वतःचे हट्ट, खोटेपणा आणि लाज यांनाही वगळत नाही. एका माणसाचा शोक ऐकणाऱ्यांच्या सोबतीने धरला जातो आणि त्यातून वागणुकीचा पाठ निघतो, ही गुरुजींची पद्धत होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी केलेले उपोषण हेही इतरांच्या वेदनेची मालकी स्वतःकडे घेण्याचेच कृत्य होते. तरीही 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्या निर्णयामागची कारणे एखाद्या सूत्रात बसवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. एवढे मात्र नोंदवावे लागते, की गीतेवरील इतके उज्ज्वल विवेचन स्वतःच्या हाताने टिपलेल्या माणसालाही केवळ विचाराचा आधार पुरला नाही.

तिकडे जळगावच्या शिवारात याच प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथाचा हवाला न देता तयार होत होते. खानदेशातील स्त्रियांजवळ दुःख बोलण्याची एक समाजमान्य जागा पूर्वापार होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणाला सासुरवाशिणी माहेरी येत, झाडाला झोके बांधत आणि गाण्यांतून सासरचे काच सांगत. एरवी जे बोलणे मर्यादाभंग ठरले असते ते गाण्यात चालून जाई. परंतु सण संपला की सासर पूर्वीसारखेच उरे, आणि म्हणून हा निचरा आवश्यक असला तरी अपुरा होता. बहिणाबाई चौधरी यांनी या गाण्याच्या परंपरेला निचऱ्याच्या पुढे नेले.

आसोदे येथे 1880 मध्ये जन्मलेल्या आणि लग्नानंतर जळगावला आलेल्या बहिणाबाईंना वयाच्या तिसाव्या वर्षी वैधव्य आले. तीन मुले, शेती, आटलेली मिळकत आणि विधवेवर समाजाने लादलेली बंधने एवढे त्यांच्या वाट्याला उरले. अक्षरओळख नसलेल्या या बाईने घरकाम करताना, शेतात राबताना लेवा गणबोलीत रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी उतरवून घेतली. 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. वैधव्यावरील त्यांच्या गाण्यात सौभाग्याची चिन्हे गेल्याचे दुःख लपवलेले नाही, परंतु राबणाऱ्या हातांचे सामर्थ्य त्या चिन्हांबरोबर गेले नाही हा शोध त्याच गाण्यात लागतो, आणि रडणाऱ्या जिवाला त्या स्वतःच समजावू लागतात. दुसऱ्या एका गाण्यात त्या ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस असे सांगतात, कारण आपले दैव आपल्याला कळते. हा नकार बारकाईने पाहण्यासारखा आहे. दुःख झाले नाही असे त्यांचे म्हणणे नाही आणि दैवच नाही असाही दावा नाही. आपल्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढेच त्या ठरवतात. भट्टाचार्यांनी तर्काने आणि विनोबांनी भाष्याने जे सांगितले, ते येथे एका शेतकरी विधवेने दारातच निकाली काढले आहे.

मनावरील त्यांच्या प्रसिद्ध गाण्यात मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा आहे: कितीही हाकलले तरी ते पुन्हा तिकडेच वळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात तोच विचार वारंवार येत राहिला आणि बंदी उठल्यावर अधिकच उसळला. दडपलेला विचार बळावतो हा त्याचा निष्कर्ष बहिणाबाईंच्या निरीक्षणाशी जुळतो. त्याच देशातील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तेव्हा प्रसंग, त्याविषयीची धारणा आणि त्यातून उठणारी भावना यांची साखळी दाखवून, माणसाने प्रसंगाऐवजी धारणेची जबाबदारी घ्यावी असे सुचवले. त्यांनीही शोक, खंत यांसारख्या योग्य दुःखद भावना आणि माणसाला खिळवून टाकणाऱ्या अयोग्य भावना यांत भेद केला. दुःखच होऊ नये हे या उपचाराचेही ध्येय नाही.

मालकीच्या या विचाराला एक धोका मात्र चिकटलेला आहे. भावनेची जबाबदारी आणि भावनेच्या कारणाची जबाबदारी एकच मानली, तर सोसणाऱ्यालाच दोषी ठरवण्याची सोय होते. बहिणाबाईंनी आपल्या शोकाची मालकी घेतली म्हणून विधवेला अशुभ मानणाऱ्या रूढीचे अपराधीपण कमी होत नाही, आणि आजही पाऊस चुकल्याने किंवा कापसाचा भाव कोसळल्याने खचलेल्या शेतकऱ्याला केवळ दृष्टिकोन बदलायला सांगणे ही जबाबदारीची शिकवण न राहता जबाबदारीची टाळाटाळ होते. रामदासांनी सांगितलेली तापांची वर्गवारी येथे पुन्हा उपयोगी पडते: बाहेरून आलेला ताप बाहेरच हटवावा लागतो, त्यासाठी संघटना, कायदा आणि मदत लागते, तर आत उपजलेल्या तापाशी माणसाला स्वतःलाच बोलावे लागते. साने गुरुजींच्या अखेरीने दुसरी मर्यादा दाखवली आहे. आतल्या तापाशी बोलतानाही माणूस एकटा असू नये, आणि वेदना सोसवेनाशी झाली तर ऐकणारे माणूस व जाणकार उपचार शोधणे ही आयुष्याची मालकी घेण्याचीच एक रीत आहे.

या मर्यादा मान्य करूनही खानदेशात झालेल्या विचाराची देणगी मोठी आहे. वैराग्याच्या जुन्या उपदेशापासून निघून हा विचार साक्षीच्या तत्त्वज्ञानात शिरला, तेथून तुरुंगातील कामाच्या दिवसात आला आणि गाण्यात आपल्या बोलीने बोलला, आणि प्रत्येक टप्प्यावर सोडण्याची वस्तू लहान होत गेली: आधी संसार, मग भावनेशी एकरूपता, मग परिणामावरील दावा आणि अखेर आपल्या दुःखाचा अर्थ इतरांनी ठरवण्याची मुभा. सोडायचे जितके नेमके ठरत गेले, तितके माणसाकडे राखून ठेवण्यासारखे अधिक उरले. त्याचे काम, त्याचा शोक आणि त्या शोकाविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार, ही त्याची मिळकत ठरली.