सवलत आणि शेजारधर्म

महामारी ओसरते, तिचे नियम मागे घेतले जातात आणि माणसे पुन्हा आपापल्या कामाधंद्याला लागतात. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून कोविडचे निर्बंध उठविले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. नियम संपले, परंतु त्या नियमांच्या निमित्ताने घराघरांत जे प्रश्न उभे राहिले, ते मात्र परिपत्रकाबरोबर रद्द होत नाहीत. त्यांतील एका प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. घरात एकाला आजार झाला आहे आणि दुसऱ्याने लस घेतली आहे. अशा वेळी त्या दुसऱ्याने कसे वागावे? लस घेतल्यामुळे त्याला मोकळीक मिळते, की त्याच्यावरची जबाबदारी वाढते?

वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. डॉक्टर दिवस मोजून सांगतील, शासन तसा आदेश काढील आणि आपण तो पाळू, एवढाच काय तो विषय, असे कोणी म्हणेल. परंतु रोग्याने किती दिवस वेगळे राहावे हे शास्त्र सांगू शकते. आपण कोणासाठी आणि किती सोसावे, हे सांगणे शास्त्राच्या अधिकारातले नाही. तो प्रांत सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

गृहविलगीकरण हा शब्द २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या परिचयाचा झाला. केंद्र शासनाने त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्याचे पहिले नियम प्रसिद्ध केले व पुढे ते वेळोवेळी सुधारले. सौम्य लक्षणांच्या रुग्णाने घरीच राहावे, त्याला हवेशीर व स्वतंत्र खोली असावी, त्याची देखभाल करणारे एक माणूस चोवीस तास हाताशी असावे, घरातील वृद्धांपासून त्याने दूर राहावे, असे त्यांचे साधारण स्वरूप होते. नियम शहाणपणाचे होते. मात्र त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : घराला खोल्या असतात.

आता बीड जिल्ह्याकडे पाहा. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिकडे फडाजवळ त्यांची कोपी असते. गावी परतल्यावर बहुतेकांचे घर म्हणजे पत्र्याच्या एक-दोन खोल्या. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना गावी जाण्याची मुभा राज्य शासनाने दिली. ते परतले तेव्हा अनेकांनी शाळेच्या खोलीत, शेतात, झाडाखाली वेगळे राहून दिवस काढले. घरात वेगळे राहावयाचे म्हटले, तर राहणार कोठे?

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह अंत्यसंस्कारासाठी नेण्यात आले, आणि त्या बातमीने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर महिन्याभराने, २५ मे २०२१ रोजी, राज्य शासनाने संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केअर सेंटरमध्ये ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या अठरांत बीड जिल्हा होता. घरी राहिलेले रुग्ण नियम पाळत नाहीत, बाहेर हिंडतात, सारे घर बाधित करतात, अशी तक्रार त्यामागे होती. ती खोटी होती असे म्हणता येणार नाही. परंतु न्यायाने विचार केला, तर तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतील. खोली असूनही जो बाजारात हिंडला, त्याचा दोष त्याच्या पदरी घालावा. ज्याच्या घरी खोलीच नव्हती, त्याला मात्र त्याच तराजूत तोलता येत नाही. एका घरात नियम पाळला गेला तो सद्गुण ठरला आणि शेजारच्या घरात पाळला गेला नाही तो अपराध ठरला. पण पुष्कळदा त्या दोन घरांतील फरक मनाचा नव्हता, भिंतीचा होता.

या परिस्थितीत लस आली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरणास आरंभ झाला. प्रथम आरोग्यसेवक, १ मार्चपासून साठ वर्षांवरील व्यक्ती, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व, १ मेपासून अठरा वर्षांवरील, असा तो क्रम होता. त्यातच लशींचा तुटवडा पडल्यामुळे महाराष्ट्रात अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाचे लसीकरण मे महिन्यातच काही काळ थांबवावे लागले. पंधरा वर्षांवरील मुलांची पाळी जानेवारी २०२२ मध्ये आली, बारा वर्षांवरील मुलांची त्यानंतर मार्चमध्ये. म्हणजे एकाच छपराखाली आजोबांच्या दोन्ही मात्रा पूर्ण, सुनेची एकच झालेली, आणि नातवाला एकही नाही, अशी स्थिती कित्येक महिने होती. एका ताटात जेवणाऱ्या माणसांच्या वाट्याला असे निरनिराळे संरक्षण आले होते.

लसीने काय साधले, हे निःशंकपणे सांगता येते. तिने गंभीर आजार व मृत्यू यांपासून फार मोठे संरक्षण दिले. पण लस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकत होता आणि त्याच्यापासून तो दुसऱ्याला लागू शकत होता; डेल्टा आणि त्यानंतर ओमायक्रॉन या प्रकारांनी ते स्पष्ट केले. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ण लसीकरण झालेल्यांना, बाधिताच्या सहवासात येऊनही, ठराविक अटींवर विलगीकरणातून सूट देण्यात आली. पुढे अनुभव आला तसे ते नियम अनेकदा बदलावे लागले. आपल्याकडे ५ जानेवारी २०२२ रोजी गृहविलगीकरणाचे जे सुधारित नियम आले, त्यांत रुग्णाने वेगळे राहण्याचा काळ सात दिवसांवर आणला, तोही शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर. लस घेतलेल्या रुग्णासाठी त्यात निराळी सवलत नव्हती. परंतु त्याच नियमांत एक लहानसे वाक्य होते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या वाक्यात आहे. रुग्णाची देखभाल करणारी व्यक्ती शक्यतो लसीकरण पूर्ण झालेली असावी, असे त्यात सुचविले होते.

या सूचनेत नीतीचा केवढा मोठा विचार आहे पाहा! लस घेतलेल्याला आता कोठे जाता येईल, हा प्रश्न बाजूला ठेवून, त्याला आता कोणाची सेवा करता येईल, हा प्रश्न तिने पुढे केला. ज्याला कवच मिळाले त्याने रुग्णाच्या दाराशी उभे राहावे, म्हणजे ज्याला कवच नाही त्याला तेथे उभे राहावे लागणार नाही. घरात ही देखभाल बहुधा कोणाकडे येते, हे सांगावयास नको. लस घेतली असो वा नसो, ताट घेऊन जाणारी, कपडे उकळणारी, रात्री कपाळावर पट्ट्या ठेवणारी बहुधा आई, सून वा बहीणच असते. दोन्ही मात्रा घेतलेल्या किती पुरुषांनी ते ताट आपल्या हाती घेतले, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःलाच विचारावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. लस घेऊनही पूर्वीसारखेच जपून राहावयाचे असेल, तर लस घ्यावयाची कशाला? शिवाय घरी बसणे सर्वांना सारखे परवडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये उसाचा हंगाम ऐन भरात होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकाने अंथरूण धरले की दुसऱ्याचेही काम अडते, खाडा पडतो आणि उचल फिटावयाची राहते. अशा कुटुंबाला सात दिवस कोपीत बसावयास सांगणे सोपे आहे. त्या सात दिवसांची भाकरी कोण देणार, हे सांगितल्यावाचून तो उपदेश पुरा होत नाही. सर्वांच्या हितासाठी एकाने घरी बसावयाचे असेल, तर त्याची चूल पेटती ठेवणे हे सर्वांचे कर्तव्य ठरते. शासनाचे ते आहेच. पण शेजाऱ्याचे आणि धर्मग्रामाचेही आहे.

आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात फार पूर्वी दिले आहे. तेथे वाद मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा होता. ज्यांची समज पक्की होती त्यांना ते खाण्यात काही गैर वाटत नव्हते, आणि पौलालाही तत्त्वतः त्यांचे म्हणणे मान्य होते. तथापि, आपल्या मोकळेपणाने दुबळ्या बंधूचे नुकसान होत असेल, तर त्या मोकळेपणावर पाणी सोडावे, असा निर्वाळा त्याने दिला. आपला हक्क खरा असणे आणि तो या घटकेला बजावणे योग्य असणे, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. लस घेतलेला माणूस भीतीतून मुक्त झाला, ही देवाची देणगीच आहे. मात्र घरात लस न मिळालेले मूल किंवा व्याधींनी जर्जर झालेली आई असेल, तर चार दिवस तोंडावर मुखपट्टी बांधून पडवीत झोपणे, यात त्याची ती मुक्ती कमी होत नाही. ती कोणाच्या तरी उपयोगी पडते.

विलगीकरणाची आणखी एक बाजू मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला विसरता येत नाही. बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. तेथील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आले. वेगळे ताट, वरून ओतलेले पाणी, हॉटेलच्या वळचणीला ठेवलेली निराळी कपबशी, हे सारे त्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगले. म्हणून रुग्णाचे ताट वेगळे केले तेव्हा काही वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर त्याचे नवल वाटू नये. विलगीकरण आणि वाळीत टाकणे यांत फरक आहे, हे सांगून भागत नाही. तो कृतीने दाखवावा लागतो. विलगीकरणाला दिवसांची मुदत असते. वाळीत टाकण्याला ती नसते. विलगीकरणात ताट वेगळे असते, पण ते घरातलेच माणूस आणून देते, दाराआडून दोन शब्द बोलते आणि तेच ताट मायेने घासते. ज्या घरांत ताट ठेवून माणसे पळाली, बरा झालेल्याच्या अंगणातून जाणेही लोकांनी टाळले, तेथे रोगाच्या नावाखाली जुने सोवळेच परत आले होते.

लसीच्या प्रमाणपत्रानेही असेच नवे सोवळे निर्माण होऊ शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात, किमान एक मात्रा घेतलेल्यांनाच पेट्रोल, गॅस व रेशन द्यावे असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. लसीकरण मागे पडले होते आणि तिसऱ्या लाटेची धास्ती होती, हे खरे. पेट्रोलपुरते असे दडपण कदाचित समर्थनीय ठरेल. परंतु गरिबाच्या धान्याला अट घालताना हात थबकावयास हवा होता. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी काढलेल्या टिपणात या बाबतीत उत्तम तोल सांभाळला आहे. लस घेणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक असावे, तिची सक्ती नसावी; मात्र विवेकबुद्धीला स्मरून जो ती नाकारतो, त्याने अन्य सर्व उपायांनी आपल्यामुळे रोग पसरणार नाही याची पराकाष्ठेची काळजी घेतली पाहिजे, अशी ती भूमिका आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेण्याला प्रेमाची कृती म्हटले. प्रेमाची कृती टोचून घेण्याशी संपत नाही, एवढे त्यात आपण ध्यानी घ्यावे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूकडे येतो. नियमाप्रमाणे त्याने वस्तीबाहेर राहावयाचे. प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, बरे करतो आणि मग मोशेच्या नियमाप्रमाणे स्वतःला याजकाला दाखवावयास सांगतो. नियमाचा त्याने उपहास केला नाही. पण त्या प्रसंगाचा शेवट पाहा : बरा झालेला मनुष्य गावात हिंडू लागला आणि प्रभूला मात्र उघडपणे नगरात जाता येईना, तो बाहेर, निर्जन स्थळी राहिला. दोघांनी जणू जागांची अदलाबदल केली. जो सुरक्षित होता त्याने बाहेरची जागा स्वीकारली.

ख्रिस्तसभेच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासात या वृत्तीची उदाहरणे आहेत. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला, माणसे आपापल्या घरांत बंद झाली, तेव्हा महागुरुस्वामी संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी उभारून मिस्सा अर्पण करविल्या, म्हणजे लोकांना खिडकीतून त्यांत सहभागी होता यावे. त्यांनी अंतर राखले, पण कोणाला एकाकी सोडले नाही. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. त्यांच्यापाशी कोणतेही कवच नव्हते. आपल्यापाशी ते आले. म्हणून आपला हिशेब अधिक कडक होणार, हे उघड आहे.

कोविडची भीती आज उरलेली नाही, परंतु आपल्या वस्त्यांत क्षयरोग आहे, दर पावसाळ्यात तापाच्या साथी येतात, आणि पुढची महामारी कधी दार ठोठावील हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा पुन्हा नियम येतील, सवलती येतील, कोणाला आधी संरक्षण मिळेल आणि कोणाला मागाहून. नियम आपल्याला किमान काय केले पाहिजे ते सांगतील. सवलत मिळाली म्हणजे तेथे नियमाचा अंमल संपतो. शेजारधर्म मात्र नेमका तेथूनच सुरू होतो. आपल्याला मिळालेले संरक्षण ही घरातील सर्वांत दुबळ्या माणसाची ठेव आहे असे जे कुटुंब मानील, त्याच्या घराला खोली एक असो वा दहा, त्या घरात रोग्याला परके वाटणार नाही.