दोघं एकच, बरं का!

मारुती मंदिराजवळचा तो फलक सगळ्यांनीच पाहिलाय. महिलांसाठी राखीव वॉर्डातून निवडून आल्या ताई आणि दरवाजाएवढा फोटो त्यांच्या नवऱ्याचा, भाऊंचा. ताई कोपऱ्यात, नारळाशेजारी. (मला मुळात फलकच सोसत नाहीत, त्यात ‘सौ.’ लावल्याशिवाय बाईचं नावच छापायचं नाही, हा हट्ट कुणाचा, देव जाणे.)

कारभार भाऊच का बघतात विचारलं, तर ‘तिला सवय नाही’, ‘मुलं लहान आहेत’ वगैरे ठीक. पण ‘आमचं काय हो, आम्ही दोघं एकच’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकच ना? मग ठेकेदाराचा फोन कधी ताईंनी घ्यावा आणि भाऊंनी भाकऱ्या भाजाव्यात. सभेत ताई बोलतील, भाऊ बाहेर गाडीत बसतील. तसं कधी घडत नाही. सही तेवढी ताईंची, कारण कायदा आडवा येतो.

आमच्याच जिल्ह्याने एक जोडपं जवळून पाहिलंय. मधु दंडवते 1971 पासून राजापूरमधून पाच वेळा लोकसभेवर गेले. रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. पत्नी प्रमिलाताई त्यांच्या सावलीत बसल्या नाहीत. मुंबई महापालिका, मृणाल गोऱ्यांबरोबर महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे, आणि 1980 मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून स्वतःची खासदारकी. त्या लोकसभेत दोघंही होते, पण मतदारसंघ वेगळे, प्रश्न वेगळे. हुंडाबंदी कायदा कडक व्हावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते प्रमिलाताईंनी. आणीबाणीत सरकारनेही त्यांना एक मानलं नाही: ते बंगळूरच्या तुरुंगात, त्या येरवड्यात. संसार पत्रांतून चालला. विचारांनी दोघं एकच होते म्हणा हवं तर, पण हे त्यांना फलकावर लिहावं लागलं नाही.

आता वॉर्डातल्या गटारासाठी कुणी येरवड्याला जा म्हणत नाही. सगळ्यांना दंडवते व्हायला सांगणं अन्यायच. पहिलं वर्षभर नवऱ्याचं बोट धरून पुढे खमक्या निघालेल्या बायाही मी पाहिल्यात, म्हणून फार ताणत नाही.

एवढंच बघायचंय, पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला की अर्ज कोण भरतो. तेव्हा मात्र हे दोघं अचूक दोन होतात, आणि त्यातले भाऊच उमेदवार निघतात.